शपथेतील भूतकाळ : जाना रिझानच्या नकाराविषयी

१

इ. स. १६११ मध्ये जपानच्या दक्षिण भागातील कागोशिमा या नगरात एका ६२ वर्षांच्या प्रधानापुढे एक शपथपत्र ठेवण्यात आले. त्याच्या राजाने तशाच आशयाच्या पत्रावर सही केलेली होती. बरोबरचे अधिकारीही सह्या करून मोकळे झाले होते. या प्रधानाने सही करण्यास नकार दिला. चांद्र पंचांगातील नवव्या महिन्याच्या १९ व्या दिवशी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याचे नाव जाना रिझान. चिनी पद्धतीने तेइ दो. तो ज्या राज्याचा प्रधान होता ते र्युक्यूचे राज्य जपानचे क्युशू बेट आणि तैवान यांच्या दरम्यान पसरलेल्या बेटांचे होते. आज त्याचा बराचसा भाग ओकिनावा या नावाने जपानमध्ये समाविष्ट आहे.

या घटनेकडे शौर्यकथा म्हणून पाहणे सोपे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तो नाही. या नकारामागे एक भाषिक आणि नैतिक प्रश्न आहे, आणि तो साहित्याच्या व इतिहासलेखनाच्या अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नाही. बळजबरीने करून घेतलेली सही ही असत्याची सही ठरते काय? ठरत नसेल, तर ज्याने प्राण देऊन ती नाकारली त्याने नेमके काय राखले? आणि ठरत असेल, तर ज्यांनी सही करून आपले राज्य आणखी पावणेतीनशे वर्षे टिकवले त्यांच्याविषयी आपण काय म्हणणार? या प्रश्नांचे उत्तर एकट्या जानाच्या चरित्रात सापडत नाही. त्यासाठी त्याच्या मृत्यूनंतर ३९ वर्षांनी लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथापर्यंत, म्हणजेच जानावर दोष ठेवणाऱ्या दुसऱ्या एका सरदार-अधिकाऱ्याच्या लेखनापर्यंत जावे लागते.

२

जानाचा जन्म १५४९ मध्ये कुमे येथे झाला. नाहा बंदरालगतची कुमे ही वसाहत चीनच्या फूच्यान प्रांतातून आलेल्या घराण्यांची मानली जाई. र्युक्यूने १३७२ पासून मिंग दरबाराशी खंडणीचे संबंध ठेवले होते, आणि त्या संबंधांना लागणारी भाषा, पत्रव्यवहार व नौकानयन ही कुमेच्या मंडळींची परंपरागत विद्या होती. तेइ घराण्यातील हा मुलगा १५६५ मध्ये नानजिंग येथील शाही विद्यालयात शिकण्यासाठी पाठवला गेला. तेथून परतल्यावर तो चढत्या क्रमाने कारभारात गेला आणि १६०६ मध्ये सान्शिकानमध्ये, म्हणजे राज्याचा प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या तिघा प्रधानांच्या मंडळात दाखल झाला. त्याच वर्षी मिंग सम्राटाच्या दूतांनी शुरी येथे येऊन राजा शो नेई याचा विधिपूर्वक अभिषेक केला. कुमेत जन्मलेल्या माणसाला हे प्रधानपद सहसा मिळत नसे. जानानंतर त्या वसाहतीतून या पदावर पोहोचलेले मोठे नाव अठराव्या शतकातील साई ओनचे आहे.

जानाची राजकीय दृष्टी या पार्श्वभूमीतून घडलेली होती. त्याच्या दृष्टीने र्युक्यूचे जगातील स्थान चीनशी असलेल्या नात्याने ठरत होते. उत्तरेकडील सात्सुमा हा प्रदेश आणि त्याचे अधिपती शिमाझू हे शेजारी होते, स्वामी नव्हते. हिदेयोशीने कोरियावरील स्वारीसाठी शिमाझूंमार्फत ७,००० माणसांना दहा महिने पुरेल इतक्या धान्याची मागणी केली, तेव्हा र्युक्यूने तिचा काही भागच पुरवला. १६०२ मध्ये एक र्युक्यू जहाज वाहवत जाऊन जपानच्या उत्तर भागात लागले. तोकुगावा इएयासूने त्यातील माणसे परत पाठवली आणि त्याबद्दल आभाराचे दूत यावेत अशी अपेक्षा ठेवली. ते दूत गेले नाहीत. या टाळाटाळीमागे जानाचा सल्ला होता असे परंपरा सांगते.

१६०९ च्या वसंतात सुमारे १०० नौका आणि सुमारे ३,००० सैनिक सात्सुमातून निघाले. अमामी बेटे, मग ओकिनावाचा उत्तर भाग आणि शेवटी शुरी असा त्यांचा मार्ग होता. जपानमधील दीर्घ यादवीत बंदुकांच्या युद्धाला सरावलेल्या या सैन्यापुढे र्युक्यूचा प्रतिकार काही आठवड्यांत संपला. राजा आणि त्याचे प्रमुख अधिकारी कैदी म्हणून नेण्यात आले. १६१० मध्ये राजाला इएयासूपुढे आणि नंतर एदो येथे शोगुनापुढे हजर केले गेले. १६११ मध्ये, मायदेशी परतण्याची परवानगी मिळण्यापूर्वी, शपथपत्रे पुढे आली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. प्रधान म्हणून जानाचा अंदाज चुकला होता. सेकिगाहाराच्या १६०० मधील लढाईत पराभूत पक्षात असलेले शिमाझू आर्थिक ओढाताणीत होते आणि चीनच्या व्यापारावर त्यांचा डोळा होता. त्यामुळे आभाराचे दूत गेले असते तरी स्वारी टळली असती असे खात्रीने म्हणता येत नाही. तरीही समोरच्याची ताकद आणि मिंग दरबाराची मदतीस येण्याची क्षमता या दोहोंचे गणित त्याने नीट मांडले नाही, हा आरोप निराधार नाही. नकार देणारा माणूस नकारापूर्वीही निर्दोष असला पाहिजे अशी अट आपण घालत राहिलो, तर नकाराचा विचारच करता येणार नाही. म्हणून त्याचा सल्ला आणि त्याचा नकार यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

३

आता शपथपत्राकडे वळू. त्यात स्थूलमानाने तीन गोष्टी होत्या. पहिली : र्युक्यू हे प्राचीन काळापासून शिमाझूंचे मांडलिक राज्य आहे. दुसरी : अपराधाबद्दल राज्य जप्त झाले असताना शिमाझूंनी कृपावंत होऊन बेटे परत दिली. तिसरी : यापुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या आज्ञेत राहू. अधिकाऱ्यांच्या पत्रात यात आणखी भर होती : उद्या आपला राजाच शिमाझूंविरुद्ध उठला, तर आम्ही राजाच्या नव्हे, शिमाझूंच्या बाजूने राहू. जपानी प्रथेनुसार अशा पत्राच्या अखेरीस देवतांना साक्षी ठेवून, शपथ मोडल्यास त्यांच्या कोपाचा स्वीकार केलेला असतो.

ही विधाने एकाच पत्रात, एकाच सहीखाली आली असली तरी त्यांची जात एक नाही. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण वर्णन करणारी उक्ती आणि कृती घडवणारी उक्ती असा भेद करू लागलो. (ऑस्टिनने पुढे हा भेद स्वतःच सैल केला, हे येथे बाजूला ठेवू.) ‘यापुढे आज्ञेत राहीन’ ही कृती घडवणारी उक्ती आहे. ती सही करताना खरीही नसते आणि खोटीही नसते. ती पाळली जाते किंवा मोडली जाते. ती बळजबरीने वदवून घेतली तरी पुढील आचरणाने तिला अर्थ येतो, किंवा येत नाही. पराभूताने असे वचन देणे ही युद्धाइतकीच जुनी रीत आहे आणि तिच्यात अपमान असला तरी असत्य नाही.

‘आम्ही प्राचीन काळापासून तुमचे मांडलिक आहोत’ या वाक्याची गोष्ट निराळी आहे. पुढील आचरणाने ते खरे होऊ शकत नाही. शंभर वर्षे आज्ञेत राहिल्याने शंभर वर्षांची ताबेदारी सिद्ध होते. त्यापूर्वीची होत नाही. पण शपथेच्या चौकटीत बसवल्यामुळे या वर्णनपर वाक्यालाही वचनाचे वजन येते. ते आता तपासायचे विधान उरत नाही, ते पाळायचे वचन होते. भूतकाळ असा होता, असे यापुढे आम्ही म्हणत राहू, एवढाच त्याचा खरा आशय. विजेत्याला केवळ आज्ञापालन हवे असते तर तिसरे कलम पुरे होते. पहिले कलम आवश्यक झाले, कारण जिंकून मिळवलेला हक्क पुढच्या विजेत्याकडे जाऊ शकतो, ‘पूर्वापार’ हक्काला मात्र तशी भीती नसते. शिमाझूंच्या बाजूने १४४१ मध्ये आशिकागा शोगुनाने र्युक्यू त्यांना बहाल केल्याची कथा सांगितली जाई. आधुनिक इतिहाससंशोधन ती नंतर रचलेली मानते. या कथेला स्वतः र्युक्यूच्या सहीची जोड मिळणे किती मोलाचे होते हे यावरून कळते.

जानाने यांपैकी कोणते कलम नाकारले? त्याची कृती एकसंध आहे, ती कलमांत विभागलेली नाही. पण ज्या माणसाने तारुण्य नानजिंगला घालवले आणि पुढील सारे आयुष्य र्युक्यू व मिंग यांच्यामधील कागदपत्रांत काढले, त्याला पहिले कलम असत्य आहे याची खात्री इतर कोणाहूनही अधिक होती, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. अधिकाऱ्यांच्या पत्रातील वाढीव कलमाने तर राजनिष्ठेचाच अर्थ उलटा केला होता. म्हणजे त्याच्यापुढे केवळ ‘शरण जा’ एवढीच मागणी नव्हती. ‘जे होते ते नव्हते असे म्हण, आणि ज्याचा आहेस त्याचा नाहीस असे म्हण’ अशी ती मागणी होती.

४

यावर पूर्वपक्ष असा मांडता येईल. तलवारीखाली केलेली सही कोणीच मनापासूनची समजत नाही. करून घेणाऱ्यालाही तिचे मोल ठाऊक असते. मग अशा सहीला असत्य म्हणणे ही नैतिक भाबडेपणाची परिसीमा नव्हे काय? काण्टने १७९७ मधील एका निबंधात, मागावर आलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगू नये असा निर्वाळा दिला; पण तो निर्वाळा त्याच्या चाहत्यांनाही अवघड वाटत आला आहे. आपल्याकडे महाभारताने हा प्रश्न अधिक सावधपणे हाताळला आहे. कर्णपर्वातील कौशिकाची कथा प्रसिद्धच आहे. सत्यव्रताचा अभिमान बाळगणाऱ्या या तपस्व्याने लपून बसलेल्यांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगितला, ते मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. प्राण वाचवण्यासाठी बोललेले असत्य तेथे निर्दोष ठरते.

या न्यायाने पाहता शो नेईची सही समर्थनीय आहे. राजाने सही नाकारली असती तर परतण्याचा मार्ग बंद झाला असता आणि बेटांवरील प्रजेचे काय झाले असते याची कल्पना करता येते. सही करणाऱ्यांच्या परतण्यातून काय निघाले याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. राजाबरोबर कागोशिमाला गेलेल्या अधिकाऱ्यांत गिमा शिंजो होता. तो जिवंत परतला आणि येताना कापसाच्या लागवडीची व विणकामाची माहिती घेऊन आला. १६०५ मध्ये फूच्यानमधून आलेल्या रताळ्याचा प्रसार त्याने केला, आणि पुढे १६२३ मध्ये उसाच्या रसापासून साखर करण्याचे तंत्र रूढ केले. वादळांनी पिके उद्ध्वस्त होणाऱ्या त्या बेटांवर रताळ्याने किती माणसे जगवली असतील! जगण्यातही नीती असते, आणि ती मरणातील नीतीहून कमी प्रतीची नसते. जानाचा गौरव करताना गिमाला कमीपणा आणणारा विचार मला स्वीकारार्ह वाटत नाही.

पण महाभारतातच दुसरी कथा आहे. द्रोणपर्वात युधिष्ठिर अश्वत्थाम्याविषयीचे ते अर्धसत्य बोलतो. त्याची निकड आणि त्याला मिळालेली संमती या दोन्ही कथेने मान्य केल्या आहेत. तरी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भुईला टेकतो. हा रथ म्हणजे शिक्षा नव्हे, ती नोंद आहे. असत्य क्षम्य असू शकते. पण ते बोलले गेले याची नोंद कोठेतरी राहिली पाहिजे, असा या प्रसंगाचा अर्थ मी घेतो.

शो नेईचा रथ टेकल्याची खूण आजही दाखवली जाते. १६२० मध्ये तो वारला तेव्हा त्याला शुरी येथील राजघराण्याच्या समाधिस्थानात न ठेवता उरासोए येथील जुन्या समाधीत ठेवण्यात आले. राज्य गमावल्याच्या लाजेने आपण पूर्वजांशेजारी विसावू नये अशी त्याची इच्छा होती, असे लोकपरंपरा सांगते. तो उरासोएच्या शाखेतला असल्याने तसे झाले, असाही खुलासा करता येतो. खुलासा कोणताही खरा असो. लोकांनी त्या जागेचा अर्थ लाजेने लावला, म्हणजे त्या सहीची नोंद लोकस्मृतीने ठेवली.

५

खरा पेच सही झाल्यानंतर, तलवार दृष्टीआड झाल्यावर सुरू होतो. १६५० मध्ये राजाज्ञेने ‘चूझान सेइकान’ हा र्युक्यूचा पहिला अधिकृत इतिहास लिहिला गेला. त्याचा कर्ता शो शोकेन, म्हणजेच हानेजी चोशू (जन्म १६१७), राजघराण्याशी नाते असलेल्या सरदारकुळातला होता. ज्यांचा जन्मच पराभवानंतर झाला अशा पिढीचा तो प्रतिनिधी. १६६६ ते १६७३ या काळात तो राजाचा मुख्य सल्लागार होता, आणि त्याच्या सुधारणांची कीर्ती आजही आहे. दरबारी खर्चाला त्याने आळा घातला, मुख्य राजपुरोहितेचे स्थान राणीच्या खाली आणले, राजाच्या कुदाका बेटावरील खर्चिक यात्रेला विरोध केला, तरुण सरदारांना हिशेब, लेखन, वैद्यक यांसारख्या विद्या शिकण्यास भाग पाडले. एका खचलेल्या राज्याला त्याने पुन्हा कामाला लावले. त्याला केवळ विजेत्याचा भाट म्हणून बाजूला सारता येणार नाही.

या शो शोकेनने १६०९ च्या आपत्तीचे खापर जानाच्या माथी फोडले. त्याच्या मांडणीनुसार र्युक्यू पंधराव्या शतकापासूनच शिमाझूंचे मांडलिक होते. या दुष्ट प्रधानाच्या नादी लागल्याने राजाकडून वरिष्ठांप्रती असलेल्या कर्तव्यात कसूर झाली आणि म्हणून राज्यावर संकट ओढवले.

हा निवाडा बारकाईने वाचला पाहिजे. त्यात दोन निराळे आरोप एकमेकांत मिसळले आहेत. पहिला, जानाने शक्तीचा अंदाज चुकवला. हा राजकीय आरोप आहे आणि तो पुराव्याने तपासता येतो. मागे म्हटल्याप्रमाणे त्यात तथ्य आहे. दुसरा, जानाने कर्तव्यात कसूर करवली. हा नैतिक आरोप आहे, आणि १६०९ पूर्वी शिमाझूंप्रती तसे कर्तव्य अस्तित्वात होते असे गृहीत धरल्याशिवाय तो उभा राहत नाही. म्हणजेच शपथपत्राचे पहिले कलम खरे मानावे लागते. जानाने जे वाक्य नाकारून मरण पत्करले, तेच वाक्य त्याच्यावरील आरोपपत्राचा पाया झाले. न्यायाच्या भाषेत हा आत्माश्रय दोष आहे : जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरलेले. इतिहासग्रंथातील कथनाच्या ओघात तो दिसत नाही, कारण कथनात गृहीतके घटना म्हणून येतात. आरोप कथेच्या रूपात आला की प्रतिज्ञा तपासण्याची आपली सवय मंदावते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचित सापडेल.

युधिष्ठिराच्या रथाची प्रतिमा पुढे न्यायची तर असे म्हणता येईल : रथ भुईला टेकला हे झाकण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तो कधी अधर चालतच नव्हता असे लिहून ठेवणे. शो नेईच्या सहीने असत्याचा उच्चार झाला होता. शो शोकेनच्या ग्रंथाने त्या असत्याला कर्ता मिळवून दिला. ‘त्यांनी आमच्याकडून म्हणवून घेतले’ याचे ‘आम्ही म्हणतो’ असे झाले.

शो शोकेनच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतील. एक, त्याच्यावरही दाब होता. सात्सुमाचा अधिकारी नाहा येथे राहत होता. राज्याच्या अधिकृत इतिहासावर कागोशिमाची नजर पडणार हे उघड होते. दुसरी अधिक खोल आहे. आपत्ती ही एका प्रधानाची चूक ठरली, तर राजा निष्कलंक राहतो आणि राज्य सुधारण्याची आशा उरते. दोष देता येईल असा माणूस सापडणे हे पराभूत समाजाला औषधासारखे असते. राजा सद्गुणी, त्याचा प्रधान कपटी हा साचा चिनी इतिहासपरंपरेत रूढ होता, आणि आपल्या बखरींच्या वाचकालाही तो अनोळखी नाही. शो शोकेनने आयती असलेली ती भूमिका जानाला दिली.

हे समजून घेता येते. पण समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. दाबाखालच्या लेखकालाही काही मोकळीक उरलेली असते. तो घटना सांगून निवाडा टाळू शकतो, विशेषण गाळू शकतो, मौन पाळू शकतो. पुढे र्युक्यूच्याच इतिहासकारांनी असा एक मार्ग काढला. अठराव्या शतकात साई ओनने ‘चूझान सेइफू’ या चिनी भाषेतील इतिहासाची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. या परंपरेतील ग्रंथांत सात्सुमाशी संबंधित मजकूर मुख्य भागाबाहेर, स्वतंत्र पुरवणीत ठेवण्याची रीत पडली. चीनच्या नजरेआड ठेवण्यासाठी केलेली ही व्यवहारी सोय होती. तिला सत्यनिष्ठा म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. तरीही ज्याने दोन वह्या ठेवल्या त्याला निदान एवढे ठाऊक असते की वह्या दोन आहेत.

६

सही केलेल्या वाक्याचा पुढील प्रवास पाहणे उद्बोधक आहे. सात्सुमाने अमामी बेटे स्वतःकडे घेतली, उरलेल्या राज्याची मोजणी करून उत्पन्न सुमारे ८९,००० कोकू (तांदळाचे जपानी माप) ठरवले, पंधरा कलमांचे नियम घालून दिले आणि चीनशी होणाऱ्या व्यापारावर नियंत्रण आणले. पण तो व्यापार चालायचा तर र्युक्यू स्वतंत्र आहे असे चीनला दिसणे आवश्यक होते. म्हणून कागोशिमात ‘आम्ही पूर्वापार तुमचे’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना फूच्यानमध्ये ‘आमचा जपानशी संबंध नाही’ असे म्हणावे लागे. चिनी दूत आले की नाहातील सात्सुमाचे लोक उरासोएकडील गुसुकुमा गावी जाऊन राहत. चीनला जाणाऱ्यांसाठी कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर द्यावे हे सांगणारी मार्गदर्शिका १७५९ मध्ये तयार झाली. जपानी माल कोठून आला असे विचारल्यास तोकारा बेटांचे नाव सांगण्याचा प्रघात होता. राज्यकारभार म्हणजे दोन दिशांना दोन भूतकाळ पाठ असणे, अशी वेळ आली.

ही कसरत कौतुकास्पद नाही असे मी म्हणणार नाही; तिने राज्य जगवले आणि तिच्या सावलीत नाट्य, संगीत, काव्य बहरले. पण वाक्ये कागदावर निजून राहत नाहीत. १८७९ मध्ये मेइजी शासनाने र्युक्यूचे राज्य खालसा करून ओकिनावा हा जिल्हा निर्माण केला. चीनने हरकत घेतली तेव्हा जपानच्या बाजूने झालेल्या युक्तिवादात शो नेईची शपथ पुढे आली, आणि र्युक्यूचा आद्य राजा शुंतेन हा जपानी वीर मिनामोतो नो तामेतोमो याचा पुत्र होता ही ‘चूझान सेइकान’ने अधिकृत केलेली कथाही आली. राज्य वाचवण्यासाठी उच्चारलेले वाक्य राज्य संपवण्याच्या कामी आले. पुढच्या वर्षी, १८८० मध्ये, रिन सेइको या अधिकाऱ्याने बीजिंग येथे, आपल्या देशाच्या बाजूने चीनने उभे राहावे म्हणून आत्महत्या केली. तोही कुमेचाच होता. र्युक्यूच्या पराधीनतेचा कालखंड असा कुमेच्या दोन माणसांच्या मरणांमध्ये बांधलेला आहे. एकाने वाक्य नाकारले, दुसऱ्याला त्याचा परिणाम नाकारायचा होता.

ओकिनावाच्या आधुनिक अभ्यासाचे जनक इहा फुयू यांनी माजिकिना आंको यांच्यासमवेत १९१६ मध्ये र्युक्यूच्या पाच थोर पुरुषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गिमा शिंजो आहे, शो शोकेन आहे, साई ओन आहे, जाना नाही. थोरवीची ही यादी बांधणाऱ्यांची आहे, आणि बांधणाऱ्यांना त्यांचा मान मिळालाच पाहिजे. जाना मात्र लोककथेत गेला. त्याला उकळत्या तेलाच्या कढईत टाकले जात असताना त्याने दोघा मारेकऱ्यांना मिठी मारून आत ओढले, तिघांचे देह तेलात गरगर फिरले आणि त्यातून राजचिन्हातील तीन भोवऱ्यांची आकृती आली, अशी कथा सांगतात. ही कथा जानाला न्याय देते असे वाटत नाही. तिने त्याच्या नकाराचे रूपांतर बाहुबलात केले. प्रत्यक्षात त्याने कोणालाही ओढून नेले नाही. त्याने एका वाक्याखाली आपले नाव घातले नाही, इतकेच.

७

या ‘इतकेच’चे मोल काय? जानाच्या नकाराने एकही बेट वाचले नाही. शपथ झाली, नियम लागू झाले, अमामी गेले. परिणामांच्या तराजूत त्याचे पारडे रिकामे आहे. तरीही त्याच्यामुळे एक गोष्ट घडली, जी सही करणाऱ्या सर्वांनी मिळूनही घडवता आली नसती. ते वाक्य नाकारता येत होते, ही वस्तुस्थिती इतिहासात राहिली. सर्वांनी सही केली असती तर पुढील वाचकाला ती सर्वसंमत कबुली वाटली असती. एक सही नाही, म्हणूनच इतर सह्या बळजबरीच्या होत्या हे वाचता येते. या अर्थाने जानाच्या नकाराने सही करणाऱ्यांचाही बचाव केला आहे. त्यांच्या सहीचा खरा अर्थ त्याच्या न केलेल्या सहीने जपून ठेवला. शो शोकेनला त्याचे नाव गाळता आले नाही. दोष देण्यासाठी का होईना, ते लिहावे लागले, आणि त्या लिहिण्यातच आपल्याला ते गृहीतक उघडे सापडते.

म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. बळजबरीची सही हा सही करणाऱ्याचा नैतिक गुन्हा नव्हे. प्रत्येकाने जाना व्हावे अशी मागणी करण्याचा अधिकार सुरक्षित खोलीत बसून लेख लिहिणाऱ्या कोणालाही नाही. पण सही झाल्यानंतर, आपला इतिहास आपणच सांगू लागल्यावर, त्या वाक्याचे आपण काय करतो याची जबाबदारी टळत नाही. ते कंसात ठेवतो, की कंस पुसून टाकतो? आणि ज्याने सही केली नाही त्याला आपण शांतपणे बाजूला उभे राहू देतो, की त्याचा नकारच आपल्या दुःखाचे कारण ठरवतो? अपराध सहीत नाही. तो या दुसऱ्या पायरीवर आहे, आणि ही पायरी प्रामुख्याने लेखकांची, इतिहासकारांची आणि शिक्षकांची आहे.

या शेवटच्या शब्दामुळे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. दरवर्षी सत्राच्या अखेरीस मी ‘अभ्यासक्रम पूर्ण शिकवला’ अशा छापील मजकुराखाली सही करतो. काही वर्षी तो पूर्ण झालेला नसतो. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून आम्ही सगळेच ती करतो, आणि कौशिकाच्या न्यायाने ती क्षम्यही असेल. येथे कोणाच्या मानेवर तलवार नसते. कागोशिमाशी याची तुलना करणे हास्यास्पद होईल. मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. काही वर्षांनी ती सही करताना हात थांबेनासा होतो, आणि एखादा नवा सहकारी ‘हे खरे नाही’ असे म्हणत कागद बाजूला सारतो तेव्हा मनात पहिला विचार ‘हा अडचणी निर्माण करणारा माणूस आहे’ असा येतो. त्या क्षणी माझ्यातला शो शोकेन मला ओळखता येतो. तो मुळात वाईट माणूस नाही. त्याला काम पुढे न्यायचे असते. जाना रिझानचे चरित्र वाचण्याचा मला झालेला उपयोग एवढाच, की त्या सहकाऱ्याविषयी मनात तयार झालेले विशेषण मी अजून कोठे लिहिलेले नाही.